पाणबुडीतला बुंदेलखंडी

‘नॉटिलस’ पाणबुडीचा कॅप्टन नेमो आपल्या बुंदेलखंडचा, असं आमच्या मध्य प्रदेशातल्या बैहरच्या टपरीवर सांगून पाहा. लोक चहा सांडेपर्यंत हसतील. पण नेमोला जन्म देणाऱ्या फ्रेंच लेखक ज्यूल्स व्हर्ननेच ‘मिस्टीरियस आयलंड’ कादंबरीत ते गुपित फोडलंय. नेमो म्हणजे प्रिन्स डक्कर, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, १८५७च्या लढ्यात उतरलेला. वर टिपू सुलतानचा भाचा! (सोयरीक कशी जमली, ते व्हर्नलाच ठाऊक.)

सिनेमावाल्यांनी या राजपुत्राला परस्पर दत्तक देऊन टाकलं. १९१६च्या मूकपटात ॲलन हॉलुबार तोंडाला रंग फासून नेमो झाला. १९५४ साली डिस्नेने इंग्रज जेम्स मेसनला घेतलं आणि भारताचा विषयच मिटवला. १९६१ला प्रागचा हर्बर्ट लोम, १९७३ला इजिप्तचा ओमर शरीफ. नसीरुद्दीन शाहचा नंबर लागला तो थेट २००३मध्ये, म्हणजे मूकपटानंतर ८७ वर्षांनी!

भारतीय पात्रं परदेशी नटांना वाटण्यात १९५२चा ‘द जंगल’ हा सिनेमा तर धमालच. सेलमचं मॉडर्न थिएटर्स आणि हॉलिवूड यांची भागीदारी, चित्रीकरण भारतात. राजकन्या कोण? अमेरिकन मेरी विंडसर. रामासिंग? सीझर रोमेरो. गोष्टीत मॅमथ हवे होते, म्हणून हत्तींना केसाळ झुली चढवल्या. मोठ्या भूमिकांत अस्सल हिंदुस्थानी म्हणाल तर ते हत्तीच!

याउलट, मुंबईच्या पर्सिस खंबाटाला १९७९च्या ‘स्टार ट्रेक’ सिनेमात झकास भूमिका मिळाली. १९६५ची ही मिस इंडिया. इलियाच्या भूमिकेसाठी तिने डोक्यावरून चक्क वस्तरा फिरवून घेतला. भारतीय बाईला जागा मिळाली खरी, पण परग्रहवासी म्हणून.

आता घरचा मसाला. व्हर्नच्या १८८०च्या ‘स्टीम हाउस’ कादंबरीत वाफेवर चालणारा पोलादी हत्ती चाकांवरचे दोन बंगले ओढत हिंदुस्थानभर फिरतो. सुरुवात औरंगाबादेत: नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्याला दोन हजार पौंडांचं बक्षीस! नानासाहेब वेरूळच्या लेण्यांत दडतात, मग सातपुड्यात गोंडांच्या आश्रयाला येतात. शेवटी जबलपूरच्या वाटेवर हत्तीचा बॉयलर फुटतो.

कुणी निर्माता ऐकतोय का? जंगल आमच्याकडे आहे, आणि गोंडांच्या भूमिकांसाठी बैहर तहसीलीबाहेर पाऊल टाकायला नको. फक्त व्हर्नने नानासाहेबांना खलनायक केलंय, तेवढं पटकथेत दुरुस्त करून घ्या.