आज बॉब कोण?

हेगमधल्या एका टपालपेटीचा क्रमांक नेदरलँड्समध्ये घरोघरी तोंडपाठ होता. पोस्टबस ५१, म्हणजे शब्दशः टपालपेटी क्रमांक ५१. सरकारकडून काही माहिती हवी असेल तर या पत्त्यावर लिहायचं. टीव्हीवरच्या सरकारी माहितीपर फिल्मांच्या शेवटीही हेच नाव झळके, म्हणून त्या फिल्मांनाच लोक 'पोस्टबस ५१' म्हणू लागले.

अशा फिल्मांचं काम अवघड. मिनिटभराच्या आत माणसाला शहाणं करायचं, आणि उपदेशाचा वास आला की बघणारा उठून चहा टाकायला जातो. डच जाहिरातवाल्यांना त्यावर एक उपाय चांगला साधला: लोकांच्या तोंडी एक वाक्य द्यायचं. १९६७ साली स्थापन झालेली 'सिरे' ही संस्था सरकारी नव्हे. तिथे जाहिरात व्यवसायातली मंडळी समाजोपयोगी मोहिमा विनामोबदला करतात. नववर्षाच्या रात्री फटाक्यांचे जीवघेणे खेळ करणाऱ्या पोरांना तिने यमक जुळवून सरळ 'बैल' म्हटलं. ही शिवी मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो बॉब. तो जन्मला शेजारच्या बेल्जियममध्ये, १९९५ साली. रस्ता सुरक्षा संस्थेने ही मोहीम काढली आणि बिअर बनवणारे तिच्या सोबतीला होते. डच आणि फ्रेंच, दोन्ही बोलणाऱ्यांच्या तोंडी बसेल असं हे आटोपशीर नाव. त्या रात्री दारूला शिवणार नाही आणि सगळ्यांना सुखरूप घरी सोडेल तो बॉब. २००१ मध्ये नेदरलँड्सने त्याला आपलंसं केलं.

'पिऊन गाडी चालवू नका' या वाक्यात न पिणारा कुठेच नसतो. तो बिचारा कोपऱ्यात सरबत घेऊन बसायचा आणि मित्रांची थट्टा सोसायचा. बॉबने त्यालाच मैफलीचा जबाबदार माणूस केलं. नाकाबंदीत पोलीस नळीत फुंकायला लावत, आणि श्वास स्वच्छ निघाला की चालकाच्या हातावर पिवळं बॉबचं किचेन ठेवत. रात्रीच्या नाकाबंदीत पोलिसाकडून बक्षीस!

मग नावाचं क्रियापद झालं. आता पार्टीला निघताना, कोट चढवता चढवता, नवरा-बायको एकमेकांना विचारतात: आज तू बॉबणार की मी?