सत्तेचाळिसावं गुणसूत्र

१९४२ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या तीन डॉक्टरांनी नऊ पुरुषांची हकिकत छापली. वृषण लहान, छाती वाढलेली, वीर्यात शुक्राणूच नाहीत. लेखावर पहिलं नाव हॅरी क्लाइनफेल्टर या तरुण डॉक्टरांचं होतं, म्हणून विकाराला तेच चिकटलं. मुळात काम फुलर ऑलब्राइट यांचं, हे क्लाइनफेल्टर यांनीच पुढे मोकळेपणाने सांगितलं.

ऑलब्राइट संप्रेरकांचे जाणकार. त्यांनी कारणही तिथेच शोधलं: वृषणातलं एखादं अज्ञात संप्रेरक कमी पडत असावं. त्यांना दोष तरी कसा द्यावा? माणसाच्या पेशीत गुणसूत्रं ४८ असतात, असंच तेव्हाची पाठ्यपुस्तकं सांगत होती. ४६ हा खरा आकडा त्यो आणि लेवान यांनी स्वीडनमधल्या लुंडहून जाहीर केला तो १९५६ मध्ये. मोजदाद बिनचूक झाल्यावर उत्तर यायला तीनच वर्षं लागली. १९५९ मध्ये एडिंबरात पॅट्रिशिया जेकब्ज आणि जॉन स्ट्राँग यांना अशा एका पुरुषाच्या पेशींत ४७ गुणसूत्रं दिसली. एक्स एक जादा होतं.

साधारण सहाशे मुलग्यांत एक असा जन्मतो. नोकरी, लग्न, संसार सगळं चारचौघांसारखं चालतं, त्यामुळे अनेकांना मूल होत नाही तेव्हाच कळतं. तेही नवऱ्याची तपासणी झाली तर. आपल्याकडे आधी सुनेलाच दवाखान्यात धाडतात.

शुक्राणू नसण्याचं कारण दर वेळी जादा एक्सच असतं असं नाही. १९७६ मध्ये इटलीतल्या टिएपोलो आणि झुफार्दी यांना शुक्राणू नसलेल्या सहा पुरुषांत वाय गुणसूत्राच्या लांब भुजेचा तुकडाच गायब आढळला. पुढे सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या त्रुटी सापडल्या. त्या भागाचे ए, बी, सी असे विभाग पडले. ए किंवा बी पूर्ण गेला असेल तर वृषणातूनही शुक्राणू मिळण्याची आशा जवळजवळ नसते. सी गेला असेल तर बऱ्याचदा मिळतात.

इतकी वर्षं निदान होतं, उपाय नव्हता. १९९२ मध्ये ब्रुसेल्समधून इक्सीची पद्धत आली: एकच शुक्राणू थेट बीजांडात सोडायचा. त्याच दशकात जादा एक्स असलेले काही पुरुषही बाप झाले.

पण वाय बापाकडून मुलाकडे जसंच्या तसं जातं. सी विभाग नसलेल्या पुरुषाला इक्सीने मुलगा झाला, तर तीच त्रुटी त्याच्याकडेही येते. हे जोडप्याला उपचार सुरू होण्याआधी सांगावं लागतं.