भूमिका : एक की अनेक?

मराठीत ‘भूमिका’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. नटाने रंगमंचावर वठवायचे पात्र ही एक भूमिका. एखाद्या प्रश्नाबाबत माणसाने पत्करलेली बाजू ही दुसरी. संगणकावरील बहुखेळाडू खेळांत हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. आपल्या घरांतील नातवंडे हे खेळ खेळतात आणि आपण वडीलधारी मंडळी त्यांस कालापव्यय म्हणून मोकळे होतो. परंतु श्रमविभागणीचा एक जुना प्रश्न या खेळांत नव्याने उभा राहिला आहे. तो समजून घेण्याजोगा आहे.

2004 साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात गुहामोहिमेवर पाच जणांचा चमू जातो. एक ‘टँक’ शत्रूचे घाव अंगावर घेतो, एक ‘हीलर’ सहकाऱ्यांच्या जखमा भरून काढतो आणि उरलेले तिघे प्रहार करतात. कोणा एकाला सर्व काही साधत नाही, म्हणूनच प्रत्येकाला दुसऱ्याची गरज भासते. अडचण अशी की, प्रहार करण्यास सारेच उत्सुक, ढाल होण्यास थोडे. 2009 च्या अखेरीस अनोळखी खेळाडूंचे चमू आपोआप जुळविण्याची सोय झाली, तेव्हा प्रहार करणारे ताटकळत राहत आणि टँकला मात्र तत्काळ प्रवेश मिळे. अखेर 2011 साली, ज्या भूमिकेची टंचाई असेल ती पत्करणाऱ्यास जादा बक्षीस देण्याची योजना आखावी लागली.

2012 सालच्या ‘गिल्ड वॉर्स 2’ ने उलट वाट धरली. प्रत्येक पात्राला स्वतःस बरे करण्याची शक्ती दिली. हीलरची वाट पाहणे संपले. पण त्यामुळे गुहांमध्ये जो तो प्रहाराकडेच वळला. 2015 च्या विस्तारात दहा जणांच्या कठीण मोहिमा आल्या, आणि त्यांबरोबर उपचारात निपुण असा ‘ड्रुइड’ही आला. काढून टाकलेले विशेषीकरण असे मागील दाराने परतले.

‘ओव्हरवॉच’चा अनुभव याहून बोलका आहे. 2016 साली निघालेल्या या खेळात सहा-सहा जणांचे दोन संघ असत आणि चालू सामन्यातही भूमिका बदलण्याची मुभा होती. या स्वातंत्र्यातून वैविध्य फुलावे, ही अपेक्षा. प्रत्यक्षात 2018-19 च्या सुमारास तीन टँक आणि तीन सहायक ही एकच रचना व्यावसायिक स्पर्धांवर हावी झाली. नेमबाजीत हयात घालविलेल्यांना परक्या भूमिका शिकाव्या लागल्या. म्हणून 2019 साली प्रत्येक भूमिकेस दोन जागा बांधून देण्यात आल्या. खेळाडूने भूमिका आधी निवडायची. नंतर पात्र बदलता येते, पण त्याच भूमिकेच्या मर्यादेत. पुन्हा प्रहार करणाऱ्यांची रांग लांबली. तेव्हा कोणतीही भूमिका करण्यास तयार असणाऱ्यांना रांगेत अग्रक्रम देणारे पास 2020 साली काढण्यात आले. नियमाने बांधलेली लवचिकता अशी प्रलोभनाने परत आणावी लागली.

‘फायनल फँटसी 14’ या खेळातील तडजोड मला सर्वांत समंजस वाटते. तेथे एकच पात्र सर्व विद्या शिकू शकते. मात्र मोहिमेत पाऊल टाकल्यावर पत्करलेली विद्या मोहीम संपेपर्यंत बदलता येत नाही. शिकताना मोकळीक, कर्तव्याच्या वेळी बांधिलकी, असा हा विवेक आहे.

आपल्या गावगाड्यात बलुतेदाराची भूमिका जन्माने ठरे आणि मरेपर्यंत सुटत नसे. कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या टिकले, पण त्याची किंमत माणसाने मोजली. म्हणून विशेषीकरणाची स्तुती करताना ती भूमिका कोणी निवडली, हा प्रश्न विसरता कामा नये. खेळातील मुलगा भूमिका स्वतः निवडतो आणि उद्या दुसरी घेऊ शकतो. हा भेद लहान नाही.

शाळेनेही हेच करावे, असे मला नम्रपणे वाटते. प्रत्येक विद्यार्थ्याला एका विषयात खोल उतरू द्यावे. पण त्याआधी सर्व भूमिकांची चव त्याला मिळालेली असावी. वर्गातील नाटकात ज्याने एकदा पडदा ओढला आहे, तो पुढे नायक झाल्यावर पडदा ओढणाऱ्यावर डाफरत नाही. ज्याने एकदा हीलरचे काम केले आहे, त्यालाच सहकाऱ्याच्या न दिसणाऱ्या श्रमांची किंमत कळते.