फ्लूची लस आणि आपला सल्ला

"डॉक्टर, च्यवनप्राश चालू आहे, मग लस कशाला?" पावसाळ्याच्या तोंडावर हा प्रश्न हमखास येतो. २००९ साली पुण्याने स्वाइन फ्लूचा कहर अनुभवूनही तो उरलाच आहे.

टोचून देण्याच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. तिच्यामुळे फ्लू होत नाही. संरक्षण निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात आणि त्या अवधीत इतरत्र जडलेल्या तापाचे खापर लशीवर फुटते. विषाणू रूप पालटतो, म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते.

वर्षा ऋतूत मंदावलेल्या अग्नीस लघु आहार, उष्णोदक व पुरेशी निद्रा हितकर, हे आम्ही सांगतोच. तथापि रसायन हा लशीचा पर्याय नव्हे. वृद्ध, गर्भिणी, मधुमेही व दमेकरी यांना लशीपासून परावृत्त करणे आम्हांस अपराध वाटतो. औषधविक्रेत्यांनीही च्यवनप्राशाचा डबा देताना तसे सुचवू नये.