परसबागेचा गुण

पर्यावरण हा विषय शाळाशाळांतून सक्तीने शिकविला जावा, यासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली आदेश दिले. त्याची पुस्तके निघाली, परीक्षा झाल्या, मुलांना गुणही मिळू लागले. परंतु ज्या विषयाचे गुण मिळतात, त्याचा औषधासारखा गुण येतोच असे नाही. तो यायचा तर विषय हातांत उतरला पाहिजे.

हा विचार आपल्याकडे नवा नव्हे. १९३७ साली वर्ध्यास शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफावे, असे महात्मा गांधींनी तेथे मांडले. पुढे सेवाग्रामच्या शाळेत शेती, सफाई व स्वयंपाक हेही अभ्यासाचेच भाग मानले गेले.

आजच्या शाळेतील साधी गोष्ट घ्या. दुपारच्या पोषण आहारापूर्वी मुले नळावर हात धुतात. ते पाणी साचले तर डबके होते आणि डबक्यात डास होतात. तेच पाणी चर खणून वाफ्याकडे नेले, तर त्यावर माठ, शेवगा, लिंबू वाढतात. शेवग्याच्या पानांतून शरीराला डोळ्यांसाठी आवश्यक असे अ जीवनसत्त्व बनविता येते. माठात लोह असते आणि लिंबाच्या क जीवनसत्त्वामुळे ते अंगी लागण्यास मदत होते. खिचडीसाठी चिरलेल्या भाजीची साले खतखड्ड्यात जातात व पुन्हा वाफ्यात येतात. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, हे ज्या मुलाने पाहिले, ते घरचा पिंपही आठवड्याला घासून कोरडा करायला लावील. आणि आपण पेरलेल्या भाजीला पोर सहसा नाक मुरडत नाही.

मात्र एक पथ्य सांभाळले पाहिजे. झाडू मुलींच्या हाती, झारी मुलांच्या हाती, आणि घाणीचे काम ठराविक पोरांच्या वाट्याला, अशी वाटणी झाली तर बाग फुलेल. पण मुलांची मने कोमेजतील. पाळी सर्वांची असावी, गुरुजींचीही. काम झाल्यावर साबणाने हात धुणे हाही धडाच होय.

शालेय पोषणबागांसाठी केंद्र शासनाने २०१९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. पण सूचनेने वाफा भिजत नाही. ही व्याख्याने ऐन वसंतात होतात. ती संपता संपता शाळांना सुटी लागते, आणि पोरांनी वर्षभर जपलेले वाफे मे महिन्यात करपून जातात. तेव्हा, श्रोतेहो, उद्यापासून सकाळच्या फेरफटक्याची वाट शाळेवरून न्यावी, आणि जाताना दोन बादल्या पाणी घालावे.