उद्यान कोणाचे?

नगराचे मोठेपण केवळ वाड्यांनी आणि बाजारपेठांनी ठरत नाही. कोणालाही निमंत्रणावाचून जाता येईल अशी मोकळी भूमी त्याने किती राखली आहे, हेही पाहावे लागते. ग्वाल्हेरची फूलबाग या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दौलतराव शिंदे यांच्या सैन्याचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेस पडला. तंबूंच्या जागी घरे उठली, महाराष्ट्रातून आलेली अनेक घराणी तेथे स्थिरावली आणि छावणीचे नगर झाले. नाव मात्र लष्कर हेच राहिले. दौलतगंज हा त्याच नगराचा भाग. अशा दाट वस्तीस मोकळ्या हवेची आणि सावलीची गरज अधिकच असते.

फूलबाग मूळची राजघराण्याची. जून १८५८ मध्ये याच परिसरातील रणधुमाळीत झाशीच्या राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या. त्यांची समाधी येथून जवळच आहे. पुढे माधवराव शिंदे यांनी या बागेस सार्वजनिक उद्यानाचे रूप दिले आणि १९२२ मध्ये इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफीचे सभागृह यांना एकाच परिसरात स्थान मिळाले. प्राणिसंग्रहालयही त्याच वर्षीचे. प्रार्थनेची दारे निरनिराळी, परंतु त्यांच्याकडे जाणारी वाट एकच, अशी ही रचना होय.

तथापि राजाने कृपेने दिलेली भूमी प्रजेच्या हक्काची केव्हा होते? या प्रश्नाचा उलगडा स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या गावाच्या इतिहासाने होतो. तेथील मैदान गोल्फच्या खेळासाठी जगप्रसिद्ध आहे. त्यावर खेळण्याचा नागरिकांचा अधिकार १५५२ च्या सनदेत मान्य झाला होता. पण गावावर कर्ज झाले, १७९७ मध्ये जमीन हातची गेली आणि लवकरच खेळाच्या हिरवळीवर सशांची पैदास होऊ लागली. नागरिक आणि ससे पाळणारे यांच्यात दीर्घकाळ तंटा चालला. अखेर १८९४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्यान्वये ही भूमी पुन्हा गावाकडे आली. आजही तेथील जुन्या मैदानावर रविवारी सहसा खेळ नसतो; त्या दिवशी आबालवृद्ध तेथे फिरावयास येतात.

यातील बोध स्पष्ट आहे. सनद भक्कम असली तरी तिच्यामागे जागरूक नागरिक उभे नसतील, तर भूमी हातून निसटते. संस्थानाचा काळ सरला, फूलबागेतील प्राणिसंग्रहालयाचा कारभार महानगरपालिकेकडे आला. म्हणजे दात्याची जबाबदारी आता नागरिकांवर आली आहे. वृक्ष तोडला जात असता किंवा कोपरा बळकावला जात असता जो 'हे माझे नव्हे' म्हणून पुढे जातो, तो आपल्याच वतनावर पाणी सोडतो. उद्यान कोणाचे, याचे उत्तर दरवाजावरील पाटीत नसते. ते राखणाऱ्यांच्या वर्तनात असते.