छोटं मिल, मोठं भोक: अ‍ॅन्युलर कटर समजून घेऊ

आजचा विषय घरी वर्कशॉप असलेल्यांसाठी. अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मिलिंग मशीनवर 12 मिमी जाड लोखंडी पट्टीत 30 मिमीचं भोक पाडायचंय. साधं ड्रिल लावलं की मशीन थरथरतं, कधी मोटर थांबते. मग करायचं काय?

उत्तर आहे अ‍ॅन्युलर कटर. ड्रिल भोकातलं सगळं धातू भुगा करून काढतं. हा कटर मात्र आतून पोकळ. तो फक्त कडेची रिंग कापतो, मधला गोल तुकडा अख्खा बाहेर येतो. हिशोब बघा: 30 मिमी भोकाचं क्षेत्रफळ साधारण 707 चौरस मिमी. कटरची भिंत 4 मिमी धरली, तर कापायचं फक्त 327. म्हणजे निम्म्याहून कमी काम! म्हणून छोटं मशीनही हे करू शकतं.

आता पकडायचं कशात? ड्रिल चकमध्ये नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. या कटरच्या शँकवर दोन सपाट बाजू असतात, त्याला वेल्डन शँक म्हणतात. नेहमीचा व्यास 19.05 मिमी, म्हणजे पाऊण इंच. आर्बरचे स्क्रू त्या सपाट बाजूंवर घट्ट बसतात, त्यामुळे कटर आत फिरत नाही. आर्बरची दुसरी बाजू तुमच्या स्पिंडलला जुळली पाहिजे: आर८, एमटी२ किंवा एमटी३. काही कटरचे शँक वेगळे असतात. म्हणून मुंबईत नागदेवी स्ट्रीटला खरेदीला जाताना व्हर्नियर खिशात ठेवा आणि शँक मोजूनच घ्या.

कटरसोबत एक बारीक पायलट पिन मिळते. मॅग्नेटिक ड्रिलवर तिची तीन कामं: सेंटर दाखवणं, कूलंट आत सोडणं आणि शेवटी तुकडा ढकलून काढणं. मिलवर सेंटर आपण टेबल सरकवून आधीच पकडलेलं असतं, त्यामुळे पिनशिवाय चालतं. पण मग तुकडा कटरमध्ये अडकू शकतो. अशा वेळी मी मशीन बंद करतो, कटर आर्बरमधून काढतो आणि शँकच्या भोकातून सळई घालून तुकडा ढकलतो. बरीच भोकं पाडायची असतील, तर स्प्रिंगवाला आर्बर घ्या. रोजची कटकट वाचते.

स्पीड किती? एचएसएस कटर, माइल्ड स्टील, 30 मिमी: साधारण 265 आरपीएम. कूलंट बाहेरून भरपूर द्या. सुरुवात हळू करा, मग दाब एकसारखा ठेवा. ड्रिलसारखं सारखं वर-खाली करू नका. चिप्स दातांखाली येतात आणि दात तुटतात.

आणखी दोन गोष्टी. दोन पट्ट्या एकावर एक ठेवून कापू नका. वरचा तुकडा सुटून कटरमध्येच राहतो आणि खालची पट्टी नीट कापली जात नाही. आणि पट्टीखाली मोकळी जागा ठेवा, नाहीतर कटर थेट टेबलात घुसेल.

सेफ्टी? चष्मा हवाच. फिरत्या कटरजवळ हातमोजे नकोत. पट्टी हाताने धरायची नाही, क्लॅम्प करायची. बाहेर पडणारा तुकडा तापलेला आणि धारदार असतो, तो लगेच उचलू नका.

तुमचं स्पिंडल कोणतं आहे, ते कळवा. भेटू पुढच्या भागात!